रिपोर्ट सौम्य, पण गालात लाल: दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराची केस

ही केस लिहून काढायची बरेच दिवस मनात होती. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरवर बोलणं होतं ते एकतर "तंबाखू सोडा" एवढंच, नाहीतर डायरेक्ट मोठं ऑपरेशन, जबडा काढला, नळीने जेवण चालू वगैरे. या दोन्हीच्या मधे जो काळ असतो, म्हणजे चट्टा दिसतोय पण कॅन्सर म्हणता येत नाही, त्याच्याबद्दल कुणी नीट बोलत नाही. माणूस वाचवायची खरी संधी तर तिथेच असते. पेशंटची लिहायची परवानगी घेतलीय, नाव-गाव देणार नाही, काका-काकू म्हणूनच लिहिते.

माझं क्लिनिक नाशिकमधे दिंडोरी रोडच्या बाजूला आहे, त्यामुळे येणारे निम्मे लोक बागायतदार नाहीतर बागेत कामाला जाणारे. पोळा नुकताच झाला होता, काकू दाढ दुखते म्हणून आल्या होत्या. काका बाहेर बाकावर बसलेले, वय ५२, डाव्या गालात तंबाखूचा बार. सोबत आलेल्या माणसाचंही तोंड बघायचंच असा माझ्याकडे नियम आहे, फी घेत नाही, दोन मिनिटं लागतात. काकांना आत बोलावलं तर ते म्हणाले, "मॅडम, माझं सगळं झालेलं आहे. तुकडा पण काढलाय. रिपोर्ट नॉर्मल आहे." काकू लगेच, "अहो दाखवा तरी, गालात पांढरं आहे ना ते." फाइल गाडीच्या डिकीत होती, फवारणीच्या औषधांच्या बिलांसोबत एकाच पिशवीत.

तुकडा म्हणजे बायोप्सी. तिचा रिपोर्ट पाच महिन्यांपूर्वीचा, दुसरीकडे काढलेला. वरचा थर जाड झालाय आणि सौम्य डिस्प्लेसिया आहे असं त्यात होतं. डिस्प्लेसिया म्हणजे पेशींची ठेवण बिघडायला लागलीय, अजून कॅन्सर नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल नव्हताच, सौम्य होता, पण घरी पोचेपर्यंत त्याचं नॉर्मल झालं आणि बार परत चालू झाला. मला जास्त खटकलं ते वेगळंच. तुकडा कुठून घेतला तर "डावा गाल", एवढंच. गाल केवढा मोठा असतो! पुढून घेतला, मागून घेतला, पांढऱ्यातून की लालातून, काही नोंद नाही, फोटो नाही, साधं चित्रही नाही.

सवयीची माहिती अशी की अठरा-एकोणीसच्या वयापासून तंबाखू-चुना, दिवसाला दहा-बारा बार, छाटणी आणि डिपिंगच्या (द्राक्षाचे घड औषधात बुडवायच्या) दिवसांत त्याहून जास्त, आणि कधीकधी रात्री बार तसाच ठेवून झोप. जेवणानंतर सुपारी. बिडी-सिगारेट नाही, दारू क्वचित. दुखणं नाही, रक्त नाही, फक्त "हिरव्या मिरचीचा ठेचा डाव्या बाजूने खाता येत नाही", ते पण मी खोदून विचारलं तेव्हा. हे वाक्य मी केसपेपरवर तसंच लिहिलंय कारण आपल्याकडे पहिलं लक्षण बहुतेक वेळा जेवणाच्या ताटावरच कळतं.

आता तपासणी. चूळ भरायला लावली, बेसिनमधे तंबाखूचे कण पडले, परत चूळ, मग दोन आरसे घेऊन गाल ताणला. ओठाच्या कोपऱ्यापासून मागे खालच्या खाचेत साधारण तीन सेंटिमीटरचा पांढरा चट्टा, सुरकुतलेला, घासून न निघणारा. हा कुणालाही दिसला असता. पण लाळ असेपर्यंत तोंडात सगळं एकसारखं ओलं चमकतं, म्हणून गॉजने गाल कोरडा केला आणि लाइट तिरका धरला, तेव्हा चट्ट्याच्या मागच्या टोकाला, अक्कलदाढेच्या अलीकडे, नखाएवढा लाल भाग उठून आला. मखमलीसारखा, कडा धूसर, त्यात पांढरे बारीक ठिपके. बोट फिरवलं तर पुढचा पांढरा भाग मऊ आणि लाल भागाखाली किंचित कडक. गाठ म्हणावी इतकं नाही, पण बोटाला फरक कळत होता. मानेत गाठी लागल्या नाहीत. तोंड ३८ मिलिमीटर उघडत होतं, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसने (सुपारीमुळे गालाचं अस्तर कडक होण्याचा आजार) आखडलेलं नव्हतं. उजव्या गालात एक छोटा, सपाट, एकसारखा पांढरा चट्टा, कारण बार कधीकधी तिकडेही ठेवायचे.

लाल भागाला मी इतकी का घाबरते ते सांगते. शेफर आणि वॉल्ड्रन या पॅथॉलॉजिस्टनी १९७५ साली एरिथ्रोप्लाकियाच्या, म्हणजे अशा लाल चट्ट्यांच्या बायोप्सी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ९१ टक्क्यांमधे एकतर कॅन्सर होता, नाहीतर कॅन्सरच्या अगदी उंबरठ्यावरचे बदल होते. नुसत्या पांढऱ्या सपाट चट्ट्याचं तसं नाही, त्यातले बरेच वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही तंबाखू सोडल्यावर जातातही. पण पेशंटला भीती पांढऱ्याची वाटते कारण ते आरशात दिसतं, आणि लालाकडे "तिखटाने सोललं असेल" म्हणून दुर्लक्ष होतं. पांढरं आणि लाल मिसळलेलं असेल तर तो चट्टा वेगळ्याच रांगेतला धरायचा.

आता इथे दोन मतं होऊ शकतात आणि दोन्हीत तथ्य आहे. एक म्हणजे आधी समोरच्या दाढेची टोकदार कड घासून घ्या, बुरशीचं औषध द्या, कारण अशा मिश्र चट्ट्यांवर कॅन्डिडा ही बुरशी बरेचदा बसलेली असते, आणि दोन आठवड्यांनी परत बघा. साध्या दिसणाऱ्या चट्ट्याला हे चालतं आणि मी करतेही. पण बोटाला कडकपणा लागला असेल तर थांबायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पाच महिने आधीच गेलेले होते. दाढ घासली, बुरशीची गोळी चघळायला दिली आणि बायोप्सी त्याच आठवड्यात ठरवली.

काका तयार नव्हते. "एकदा काढलाय ना तुकडा, परत कशाला?" रास्त प्रश्न आहे. मी त्यांना म्हटलं, काका, तुमच्या बागेत माती परीक्षणाला एकाच कोपऱ्यातली माती नेली आणि रिपोर्ट चांगला आला, तर पूर्ण बाग चांगली म्हणाल का? यावर ते काही बोलले नाहीत, पण काकूंनी तारीख विचारली. संशोधनात पण हेच दिसलंय, की एकाच जागेचा तुकडा घेतला तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य ठरवला जाण्याची शक्यता जास्त, दोन-तीन जागांचे घेतले की ती कमी होते, आणि पूर्ण चट्टा काढल्यावर आत आधी न कळलेला कॅन्सर सापडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. चट्टा एकसारखा नसतो, मधे सौम्य, कडेला तीव्र असं असतं.

जागा ठरवायला टोल्युइडिन ब्लू वापरला. सौम्य अॅसिटिक अॅसिडने पुसून, मग निळा रंग लावून, मग परत पुसायचं, जिथे पेशी दाटीवाटीने वाढलेल्या तिथे गडद निळा टिकतो. लाल भागाने रंग धरला, पांढऱ्याने जवळपास नाही. पण यावर विसंबू नका. हा रंग, निळ्या प्रकाशाची मशिनं, ब्रशने खरवडून घेतलेल्या पेशी, यातलं काहीही बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१७ च्या गाइडलाइननेही संशयास्पद चट्ट्याला थेट बायोप्सी करा किंवा करणाऱ्याकडे पाठवा असंच सांगितलंय. मी रंग वापरते तो सुरी कुठे लावायची हे ठरवायला. रंग नाही धरला म्हणून बायोप्सी रद्द, असं मी कधीच करणार नाही.

दोन तुकडे घेतले, दोन वेगळ्या बाटल्यांत फॉर्मॅलिनमधे. एक लालातून, कडेचा थोडा चांगला भाग धरून आणि पुरेसा खोल, दुसरा पुढच्या जाड पांढऱ्यातून. भुलीचं इंजेक्शन चट्ट्याच्या आत न देता बाजूला, नाहीतर पेशींची ठेवण बिघडते आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही. फॉर्मवर गालाचं चित्र काढून दोन्ही जागा दाखवल्या, फोटो व्हॉट्सॅपवर पॅथॉलॉजिस्टना पाठवले, जुना रिपोर्टही जोडला. या गोष्टी किरकोळ वाटतात पण काचेवर बघणाऱ्याला समोरच्या तोंडाची माहितीच नसेल तर तो बिचारा काय सांगणार, आणि डिस्प्लेसियाच्या ग्रेडवर दोन पॅथॉलॉजिस्टचं बरेचदा एकमत होत नाही हे तर सगळ्यांनाच माहितीय.

रिपोर्ट आला. पांढरा भाग सौम्य डिस्प्लेसिया, म्हणजे जुना रिपोर्ट चुकीचा नव्हताच, त्या जागेपुरता बरोबर होता. लाल भाग तीव्र डिस्प्लेसिया, जवळपास पूर्ण जाडीत. एकाच गालात दीड-दोन सेंटिमीटरच्या अंतरावर दोन वेगळे आजार म्हटले तरी चालेल.

यानंतरचा भाग खरंतर सगळ्यात अवघड होता. काका म्हणाले छाटणी तोंडावर आलीय, मजुरांच्या टोळीला उचल दिलेली आहे, एप्रिलला बघू. एप्रिल म्हणजे सात महिने! हे फक्त आमच्या काकांचं नाही. तिरुअनंतपुरमचा जो मोठा अभ्यास आहे, १९९५-९६ ला चालू झालेला, १३ क्लस्टर (वस्त्यांचे गट), त्यातल्या ७ मधे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरच्या लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली, त्यात तपासणीत काही आढळलेले ५,१४५ लोक होते आणि पुढच्या तपासणीला आले ३,२१८. म्हणजे केरळसारख्या ठिकाणीसुद्धा तिघांतला एक गळाला. आणि तरीही २००५ साली लॅन्सेटमधे निकाल आला तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमधे तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले होते. पूर्ण लोकसंख्या धरली तर फरक तेवढा पक्का नव्हता, हेही सांगायला हवं, फायदा मुख्यतः सवय असलेल्यांनाच दिसला. माझ्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. तपासणीला महागडी मशिनं लागत नाहीत, आणि चट्टा सापडल्यावर माणूस पुढच्या टप्प्यावर पोचेल हे बघायला कुणीतरी हात धरणारं लागतं. आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या सगळ्यांची दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी व्हायला हवी, आशाताई आणि एएनएम (उपकेंद्राच्या नर्सबाई) त्यासाठीच आहेत, पण सापडलेल्याला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेणं हे काम कागदावर कुणाचंच नाही.

इथे हात धरला तो काकूंनी आणि पुतण्याने. पुतण्याने सांगितलं, "काका, टोळी मी सांभाळतो, तुम्ही जा." एवढ्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्याने झालं नव्हतं. पैशाचा प्रश्न महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सुटला, रेशन कार्ड आणि आधारची धावपळ झाली, पण सुटला.

ऑपरेशनमधे पूर्ण चट्टा काढला, चारही बाजूंनी थोडा चांगला भाग धरून, आणि जखमेवर गालातलीच चरबी ओढून बसवली. बाहेरून चेहऱ्यावर काही कळत नाही. मग काढलेल्या भागाचा अंतिम रिपोर्ट आला, आणि त्यात लाल भागाखाली प्रत्यक्ष कॅन्सर होता, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, खोली फक्त दीड मिलिमीटर, कडा मोकळ्या (म्हणजे कडेला कॅन्सर नाही), नसांभोवती पसरलेला नाही. स्टेज एक. म्हणजे माझी दुसरी बायोप्सीसुद्धा आजाराच्या एक पायरी अलीकडेच थांबली होती. बोटाला लागलेला तो किंचित कडकपणा होता तो हाच.

मानेवर ऑपरेशन करायचं की नाही यावर चर्चा झाली. टाटा मेमोरियलच्या डिक्रूझ सरांच्या टीमचा २०१५ चा अभ्यास सगळ्यांना पाठ आहे, सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमधे मानेतल्या गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत आणि वाट बघून नंतर काढल्या तर ६७.५ टक्के. पण त्याच अभ्यासात तीन मिलिमीटरपर्यंत खोली असलेल्यांमधे तो फायदा स्पष्ट दिसला नव्हता. दीड मिलिमीटर, सोनोग्राफी स्वच्छ, आणि पेशंट फॉलोअपला येणारा, म्हणून मान राखली आणि ठरावीक अंतराने सोनोग्राफी ठरली. रेडिएशन लागलं नाही. हाच माणूस एप्रिलमधे आला असता तर हे सगळं बोलणं वेगळं झालं असतं.

तंबाखूचं सांगते, कारण ते सोपं नव्हतं. निकोटिन गम द्यायची नव्हती, गालात ताजी जखम, म्हणून पॅच दिला. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ वर पुतण्याने फोन लावून दिला. हॉस्पिटलमधे असेपर्यंत जमलं, घरी गेल्यावर पण जमलं, अडचण आली ती बांधावर. मजूर जेवायला बसले की चुन्याची डबी फिरते आणि मालकाने नाही म्हणणं म्हणजे अंतर ठेवल्यासारखं होतं असं काका म्हणाले. डिपिंगच्या दिवसांत एकदा बार लावला हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी रागावले नाही, पॅच अजून थोडे दिवस वाढवला. आता बडीशेप आणि ओवा खिशात असतो आणि डबी आली की ते उठून पाइपलाइन बघायला जातात.

मधेच कुणीतरी त्यांना हळदीच्या गोळ्या सांगितल्या. त्यावर आपल्याकडे चांगला अभ्यास झालेला आहे, २०१६ साली प्रसिद्ध झाला, ल्युकोप्लाकियाच्या, म्हणजे पांढऱ्या चट्ट्यांच्या, २२३ पेशंटना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला घटक) नाहीतर दिसायला तशीच खोटी गोळी. चट्टा सुधारला असे कर्क्युमिनमधे ६७.५ टक्के आणि खोट्या गोळीतही ५५.३ टक्के, आणि मायक्रोस्कोपखाली दोन्हीत खास फरक नाही. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, की काही न देता सुद्धा निम्म्याहून जास्त चट्टे दिसायला सुधारतात. म्हणजे चट्टा फिका झाला म्हणून आजार गेला असं धरता येत नाही, आणि कुणी "माझ्या औषधाने गेला" म्हणालं तर त्यावर ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. काकांना म्हटलं, हळद भाजीत खा, भरपूर खा, फक्त तारीख चुकवू नका.

उजव्या गालातला सपाट चट्टा आम्ही विसरलो नाही. तंबाखू ज्या तोंडात तेहतीस-चौतीस वर्षं राहिली तिथे एकाच जागी बिघाड होत नाही, पूर्ण अस्तरच त्या रस्त्यावर असतं, स्लॉटर या संशोधकाने १९५३ मधेच हे दाखवून दिलंय. तिथलाही तुकडा घेतला, डिस्प्लेसिया नाही. तंबाखू बंद झाल्यावर तो चट्टा बराच फिका झालाय, पण दर वेळी गॉजने कोरडा करून, त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढते, आणि बोट फिरवतेच.

आणि काकू! दाढ दुखते म्हणून आलेल्या काकूंची केस यात हरवायला नको. त्या मशेरी लावतात, सकाळ-संध्याकाळ, लग्नाच्या आधीपासून, आणि "आम्ही काय तंबाखू खात नाही" असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात. भाजलेली का असेना, ती तंबाखूच. ही गोष्ट महाराष्ट्रात जुनी आहे, डॉ. फली मेहतांच्या टीमने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९७२ साली तंबाखूच्या सवयी आणि चट्ट्यांचा संबंध मांडला होता, एवढं मोठं काम आपल्याच मातीत झालंय आणि आपल्याच डेंटल कॉलेजच्या पोरांना ते माहीत नसतं. काकूंच्या तोंडात चट्टा नाही, खालच्या हिरडीवर डाग आहेत. मशेरी सकाळची सुटलीय, संध्याकाळची अजून चालू आहे.

काकांचं पहिलं वर्ष पूर्ण व्हायचंय, दर महिन्याला येतात, तोंड आता ३६ मिलिमीटर उघडतं, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून व्यायाम चालू आहे. ठेचा अजून बंद ठेवलाय. मागच्या भेटीत सोबत टोळीचा मुकादम आला होता, त्याच्या उजव्या गालात पांढरं आहे, सपाट, मऊ, लाल काही नाही. दाढ घासून दिलीय, फोटो काढलाय, दोन आठवड्यांची तारीख दिलीय, आणि आला नाही तर फोन कुणाला करायचा म्हणून पुतण्याचा नंबर त्याच्या केसपेपरवर लिहून ठेवलाय.